मामाने लावलेल्या तारा

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनी भावोजींबरोबर सुखरूप पोचली असेल. सुट्टीभर तुझ्या लेकीने माझं डोकं खाल्लं, पण एक अख्खं गाणं शिकून गेली. बोटांना घट्टे पडलेत, ते ती सगळ्यांना दाखवत फिरते. तूही कौतुक कर.

गिटार मी स्वतः लावून दिलीय, खुंट्यांना हात लावायचा नाही असं तिला बजावलंय. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. शिकायला येणारा दारात आला की आधी त्याच्या तारा मी लावणार, मगच तो बसणार. नवशिक्याच्या कानावर चुकीचा सूर पडायलाच नको.

जुने, तयार झालेले विद्यार्थी का सोडले म्हणून विचारतेस. कंटाळलो गं त्यांच्या शहाणपणाला. आता शिंपीणबाई आहेत, निवृत्त ड्रायव्हरकाका आहेत. सांगेन ते ऐकतात. फोन मात्र करू नकोस, पत्रच लिही. तुझी बोलणी कागदावर कमी लागतात.

राग आणि लोभ दोन्ही आहेत तसेच ठेव.

तुझा,
बाळू


१३ मे

चि. बाळूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मनी आली ती बूटसुद्धा न काढता वाजवायला बसली, आणि माझ्या अंगावर काटा आला. खालच्या दोन तारा भलत्याच चढलेल्या. वाटलं, गाडीत हिसका बसला असेल. मी नीट लावल्या, तर कार्टीने आकांडतांडव केलं. मामाची गिटार मी बिघडवली म्हणे! मामा लावायचा तेव्हा अशी वाजत नव्हती, असं रडत रडत सांगत होती. मग कशी वाजायची म्हणून विचारलं, तर तिने ते गाणं त्याच चुकलेल्या सुरात गुणगुणून दाखवलं. बाळू, गाडीचा हिसका गळ्याला बसत नाही.

आपण दोघं एकाच सरांकडे शिकलो. तुझा कान माझ्यापेक्षा तिखट म्हणून ते मला बोलायचे, आणि मी जळायचे. मागच्या महिन्यात तू माझा फोन राँग नंबर म्हणून ठेवलास, ते मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही. काय झालंय ते सरळ लिही. आडवळणं घेतलीस तर मिळेल त्या गाडीने येऊन उभी राहीन.

तब्येतीची हयगय करू नकोस, आणि ताईशी खोटं बोलू नकोस.

तुझी,
ताई


१८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान गेले, ताई.

नुसतं कमी ऐकू आलं असतं तर यंत्र लावून भागलं असतं. पण एकच सूर एका कानाला एक ऐकू येतो, दुसऱ्याला दुसरा. डॉक्टरीणबाई म्हणतात, आतली नस निकामी होतेय, यावर इलाज नाही. आधी मला तारा खराब वाटल्या, बदलल्या. मग ते तारा लावायचं चिमट्याएवढं यंत्र आणलं. सूर लागला की त्यावर हिरवा दिवा लागतो. दिवा हिरवा, आणि माझ्या कानात नुसती बोंब! यंत्रच बिघडलंय म्हणून मी ते कचऱ्यात टाकलं. माझा कान चुकेल हे मनातच आलं नाही. केवढा माज!

तयार विद्यार्थी ओळखतील या धास्तीने त्यांना काढलं. नवशिक्यांना मी लावून देतो तोच सूर खरा वाटतो. परवा शिंपीणबाई कौतुकाने म्हणाल्या की हल्ली रेडिओवरचे गायकही त्यांना बेसूर वाटायला लागलेत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी फोनवर तुझा आवाज मला तुझा वाटलाच नाही. कोणी परकी बाई माझी चौकशी करतेय असं वाटलं, म्हणून ठेवला. मला दुसरं काही येत नाही गं. आता काय करू?

मला टाकू नकोस.

बाळू


२३ मे

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून हातून काम होईना. दवाखान्यात कामावर दोन पेशंटचे केसपेपर उलटेपालटे दिले, बोलणी खाल्ली. टाकायला तू काय जुना सदरा आहेस? वेड्या, एकट्याने एवढं सोसलंस!

पण विद्यार्थ्यांना खरं सांग. आज ना उद्या कोणीतरी त्यांना हसेल, आणि त्यांना वाटेल दोष आपलाच. सांग आणि इकडे ये. मनी अजून माझ्यावर फुगलेलीच आहे. तिला मी काहीच सांगितलेलं नाही, जीभच रेटत नाही.

वाट बघते. जेवत जा.

ताई


२९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. शिंपीणबाई गिटार घेऊन गेल्या. ड्रायव्हरकाका माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. दारावरची पाटी उतरवली. खोली इतकी रिकामी झालीय की बसवत नाही.

शनिवारी येतो. मनीला सांग की मामा चुकला होता, आईने लावलेल्या ताराच बरोबर. का चुकला ते नको. मी आल्यावर ती वाजवून दाखवेलच. मला ते सगळं कर्कश ऐकू येणार. पण बोटं कुठे पडतात ते दिसतं ना मला. बोटं बरोबर पडली की मी वा म्हणेन. तेव्हा तू माझ्याकडे बघू नकोस, म्हणजे तिला कळणार नाही.

माया असू दे.

तुझा,
बाळू