दोन हिसके

३ जून
आजपासून चाकणच्या एका कारखान्याच्या वीजघरात हेल्पर. खोली संत तुकाराम नगरात, कंपनीची बस कोपऱ्यावर येते; जावयासारखा थाट आहे माझा. कोळसा साठवायचा बंकर म्हणजे चार मजली लोखंडी नरसाळंच. ओला कोळसा चिकटून बसला की एकाने कमरेला दोरी बांधून आत उतरायचं आणि सळईने ढोसायचं. दुसऱ्याने वर दोरी धरायची. दोन हिसके आले की ओढून घ्यायचं. माझे जोडीदार चिमाजीकाका मावळातले. म्हणाले, "तुझं ध्यान दोरीवर हाय, तवर आमाला भ्या न्हाई." मग दिवसभर माझ्या बिनसाखरेच्या चहाची टर उडवत होते.

११ जून
चिमाजीकाका गेले.
बायकोचा, रुपालीचा, फोन आला होता. तिला दिवस गेलेत, तेच सांगत होती. मी दोरी कठड्याला गुंडाळली. दोन हिसके दिसले. बोलणं संपवून ओढू म्हटलं. तेवढ्यात कोळसा सरकला.
साहेबांना सांगितलं, दोरी हातातच होती, हिसके आलेच नाहीत. त्यांनी तसंच लिहून घेतलं. मला रडू आलं नाही.

१४ जून
काकांच्या पत्नी, गिरजाबाई, गेटवर आल्या होत्या. काकांनी आतून दोरी ओढली होती का, एवढंच विचारलं. नाही म्हणालो. मग बरं, म्हणाल्या, कळायच्या आत गेले. घरी येऊन पोटभर जेवलो.

१९ जून
बंकर रिकामा केलाय. दोरी कठड्याला टांगलेली, खालचं टोक मोकळं. भर दुपारी दोन हिसके. बाकी कुणाला दिसले नाहीत. हातावर उकळता चहा सांडला, फोड आले. काही जाणवलं नाही.

२४ जून
रोज दोन. आता बसमध्येही, थेट कमरेला. शर्ट वर करून पाहिलं. दोरीचे वळ —

२७ जून
गवगवा नको म्हणून कंपनीने गिरजाबाईंना काकांच्या जागी घेतलं. माझ्याच जोडीला. बंकर पुन्हा भरलाय. उद्या मी आत, त्या वर.

२८ जून
आत आहे. वही खिशात होती.
खालून ओरडून सगळं सांगितलं. फोन, कठडा, हिसके. त्या वाकून म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. त्ये रोज येऊन सांगत्यात."
कोळसा सरकला. कमरेपर्यंत. दुखत नाही.
दोन हिसके दिले. पुन्हा दोन. त्या तिथेच उभ्या आहेत — दोरी सैल होऊन खाली येतेय —
छातीपर्यंत —
रुपालीने विचारलं तर सांगा, मी दोरी ओढलीच नाही, कळायच्या आत—