शवासनातून उठताना

सोमवार, ४ तारीख

पोहोचले एकदाची. तळ्याच्या काठाने अर्धवर्तुळात बसवलेली बावीस छोटी घरं, मधे हिरवळ, आणि हिरवळ जिथे संपते तिथूनच पाणी. मला नऊ नंबरचं घर मिळालंय. एक खोली, एक ओटा आणि बसून पाय पसरता येतील एवढा व्हरांडा. व्यवस्थापकांनी किल्ली दिली आणि गरम पाण्याचा नळ समजावून सांगितला. आधी डावीकडे फिरवायचा, मग जरासा उजवीकडे, आणि मग नशिबावर सोडायचा. आल्या आल्या हसायला मिळालं.

काम सोपं आहे. रोज सकाळी साडेसहाला हिरवळीवर योगवर्ग. राहणारे बहुतेक निवृत्त, आणि एकेकटे. आधीचे सर का गेले असं विचारलं, तर व्यवस्थापक म्हणाले, प्रकृतीचं कारण. आणि लगेच गवत कापण्याच्या यंत्राविषयी बोलू लागले.

हवापालट होईल म्हणून वहिनीनेच मला इकडे ढकललं. ताई जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून शहरातल्या वर्गात ‘आता श्वास सोडा’ म्हणताना माझं वाक्य अर्धंच राहायचं. लहानपणी मला दमा होता, तेव्हा पाठीवर हात ठेवून श्वास मोजायला तिनेच शिकवलं होतं. बघू, इथे तरी तोंडातून शब्द नीट फुटतात का.

मंगळवार, ५

पहिला वर्ग. चौदा माणसं. मास्तर सगळ्यांत थोरले, ब्याऐंशीचे. आपले गुडघे हे नापास मुलांसारखे आहेत, कितीही समजावलं तरी वाकत नाहीत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यांच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांना सगळे टेलरबाई म्हणतात. बोटांना सुयांची जुनी भोकं. मागे एक निवृत्त नर्स, सगळ्यांच्या सिस्टर.

एक गंमत पाहिली. आसनं सगळे उरकतात, खेळायला जायच्या आधी गृहपाठ उरकावा तशी. सगळं लक्ष शवासनाकडे. मास्तरांनी अर्धा तास मागितला. मी दहा मिनिटं म्हटल्यावर चेहरे पडले.

आणि प्रत्येकाने डावीकडे एका चटईएवढी जागा मोकळी सोडली होती. आवाज पोचावा म्हणून मी जवळ सरकायला सांगितलं. कोणी हललं नाही. राहू दे, सवय आहे आमची, असं सिस्टर हळूच म्हणाल्या.

शुक्रवार, ८

रोज शेवटी मी प्रत्येकाचा श्वास मोजते. सोडलेला श्वास किती आकडे टिकतो ते बघायचं. सरावाने तो वाढतो. पंधरा वर्षांत मी दुसरं काही पाहिलेलं नाही. मंगळवारी मास्तरांचा नऊ होता. आज सहा. टेलरबाईंचा आठ होता, आज पाच. चौदाही जणांचा घटलाय. डॉक्टरांना दाखवा म्हटलं. डॉक्टर दर शनिवारी येतात आणि त्यांना काही सापडत नाही, असं सांगून सगळे शांतपणे चटया गुंडाळायला लागले.

ते गेल्यावर हिरवळ पाहिली. दव खूप पडलं होतं. जिथे चटया होत्या तिथे चौदा कोरडे चौकोन. आणि प्रत्येकाच्या डावीकडे, त्या मोकळ्या जागेत, गवत दबलेलं. माणूस उताणा निजला तर दबेल तसं.

टेलरबाईंच्या शेजारचं दबलेलं गवत जेमतेम माझ्या कमरेएवढ्या लांबीचं होतं.

सोमवार, ११

आज शवासनात मी डोळे उघडे ठेवून नुसतं ऐकत बसले. श्वासांचा आवाज मला माणसांच्या आवाजासारखा ओळखू येतो. चौदा श्वास आत जात होते, बाहेर येत होते. आणि त्यांच्या मधेमधे दुसरे श्वास होते. ते आत जात होते. नुसते आतच. बाहेर एकही आला नाही.

दिसत काहीच नव्हतं. कोवळं ऊन, पाणी, गवत.

वर्गानंतर सिस्टरांच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला. मी विचारायच्या आतच म्हणाल्या, “ऐकलंस ना? तुला ऐकू येणारच होतं.”

मग सगळं सांगितलं. शवासनात आपलं गेलेलं माणूस डाव्या बाजूला येऊन निजतं. मास्तरांची बायको. टेलरबाईंची मुलगी, सहा वर्षांची, तापात गेलेली. हाताला हात लागतो. ते आपला थोडा श्वास घेतात. रोज थोडा.

हे थांबवत का नाही, असं मी विचारलं.

“कोणी फसवलेलं नाही गं आम्हाला,” सिस्टर म्हणाल्या. “सहा वर्षांची पोर दहा मिनिटं कुशीत मिळत असेल, तर एका श्वासाची काय कथा?”

मग मी कशाला हवी? त्यांनी कपात चहा गाळला. मग म्हणाल्या की एकदा तो हात हातात आला की आपणहून कोणाला उठवत नाही. कोणीतरी जागं राहून हाक मारणारं लागतं. आधीचे सर दोन वर्षं जागे राहिले. एका सकाळी तेही आडवे झाले. सिस्टरांना त्या दिवशी पोचायला उशीर झाला होता. त्या आल्या, ओरडल्या. एकोणीसपैकी तेरा उठले.

गुरुवार, १४

मास्तर उठले नाहीत.

तीनदा हाक मारली. खांदा हलवला. डावा हात अर्धवट मिटलेला, मुठीत काहीतरी धरल्यासारखा. चेहऱ्यावर हसू. असं समाधान मी जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

टेलरबाईंनी मास्तरांचा चष्मा पुसला आणि त्यांच्याच खिशात ठेवला. भाग्यवान, एवढंच म्हणाल्या. चष्मा कोणाला द्यायचा हे कोणालाच माहीत नव्हतं.

दुपारी बॅग भरली. व्यवस्थापकांना सांगितलं की वर्ग बंद करा. ते म्हणाले, आधीच्या सरांच्या वेळी एकदा बंद केला होता. माणसं आपापल्या अंगणात निजू लागली. त्या आठवड्यात दोघं गेले. माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, तुम्ही जाऊ शकता, तुम्हाला कोण अडवणार.

तेरा माणसं. कोण हाक मारणार त्यांना?

बॅग रिकामी केली.

शनिवार, १६

हिरवळीवर मी सगळ्यांसमोर बसते, ताठ, मांडी घालून. आज शवासन चालू असताना माझ्या डावीकडचं गवत हलकेच खाली दबलं.

मी तिकडे पाहिलं नाही. दम्यासाठी ताई माझ्या छातीला जे मलम चोळायची, त्याचा वास आला.

तिचा फोन आला होता तेव्हाही मी वर्गातच होते. छातीत कसंतरी होतंय म्हणाली. मी म्हटलं, ताई, शवासन चालू आहे, दहा मिनिटांत येते. गेले तेव्हा तिचे हात गार झाले होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वहिनीलासुद्धा नाही.

शेजारी श्वास आत गेला. बाहेर नाही आला.

वेळेवर सगळ्यांना उठवलं. तेराही उठले. मग खोलीत येऊन रडले.

रविवार, १७

माझा श्वास मोजला. अठरा असायचा. आज अकरा.

मी तर आडवीही झाले नव्हते —

सिस्टरांना विचारलं, उद्या तुम्ही जाग्या राहाल का? त्या खाली बघू लागल्या. म्हणाल्या, माझ्याकडेही हे येतात गं, चाळीस वर्षांनी भेटलेत, परवापासून मलाही उठवत नाही. माझा भरवसा धरू नकोस.

सोमवार, १८

वर्गातच लिहिते आहे. हात चालता राहिला तर पाठ टेकणार नाही.

सात वाजायला दहा कमी. सगळे निजलेत. टेलरबाई हसताहेत, डावा हात कुरवाळत असल्यासारखा —

आली.

बघणार नाही. बघणार —

ताईच आहे. तीच साडी. डोळे मिटलेले. तिने हात वर करून ठेवलाय, तळवा उघडा.

रागावलेली नाही. मला वाटलं होतं, रागावेल —

मोजते. सात. सहा. हात गार आहे, पण —

दहा मिनिटं झाली. हाक मारायला हवी. तोंड उघडलं, आवाज — हवा नाही शिरत आत. पाच.

तिचा हात पाठीवर. लहानपणी ठेवायची तसा.

तेरा जण आहेत. विसरलेले नाही मी. सगळ्यांना उठवते. फक्त पाठ टेकते क्षणभर, श्वास आला की लगेच सगळ्यांना —