पाच घरांचा एक कागद

बाई, शेजाऱ्याच्या देवघरात डोकावणारी माणसं तुम्हाला आवडायची नाहीत, मलाही नाहीत. तक्रार आपली एकच, म्हणून तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे तुम्हालाच लिहिते आहे.

आठवीचा वर्ग. तुम्ही फरशीवर खडूने आई आणि मूल काढता. सांगता, जुन्या जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी होती. प्रत्येक घराने ख्रिस्ती नसल्याचा बौद्ध मंदिराचा दाखला घ्यायचा, पाच घरांचा एक गट, एकाने लपवलं तर पाचांना शिक्षा. नागासाकीत नव्या वर्षाला अधिकारी येशूचं नाहीतर मेरीचं चित्र जमिनीवर ठेवत आणि एकेकाला त्यावर पाय द्यायला लावत; जो थबकला, तो ख्रिस्ती म्हणून पकडला जाई. "चला, यावरून चाला." आम्ही खिदळत चाललो. किलवणी गावाहून येणारी एक मुलगी थबकली. "बाई, ही अडकली! धरा हिला!" मी ओरडले. तुम्ही तिला सोडून माझ्याकडे वळलात. "ती चित्राकडे बघत होती. तू कुठे बघत होतीस?" मला वाटलं, बाईंनी भलत्याच मुलीला झापलं.

आता डोकमर्डीतल्या आमच्या सोसायटीचा गुजराती सेक्रेटरी कागद घेऊन दारात उभा राहतो. मजल्यावरच्या पाचही घरांनी लिहून द्यायचं, आमच्यात कुणी दुसऱ्या धर्माची प्रार्थना करत नाही. जो भाडेकरू सही करणार नाही, त्याने घर सोडायचं. "बेन, तुम्ही भाषणं करता. तुमची साइन पहिली, बाकीचे मागून करतील." पाचच घरं का? माझीच सही आधी का? मला सगळ्याचाच संशय येतो. तुमचाही येतो, तो धडा खरंच जपानचा होता का, की आमचाच?

समोरच्या घरात नंदुरबारकडची एक बाई एकटी राहते, सुताच्या कंपनीत शिफ्ट करते. "ताई, आरतीले येत नाही मी, पण प्रसाद ठेवजा बरं मले!" म्हणत हसते आणि चपला अडकवून कामाला पळते. कागद तिच्यासाठी आहे, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

मी सही केली नाही. जिन्यात उभी राहून दाखले, पाय, नागासाकी, सगळं ऐकवलं. सेक्रेटरीने शांतपणे ऐकून घेतलं. "बेन, जपान जाऊ द्या. ती आरतीला येत नाही, हे मला सांगितलं कोणी? तुम्हीच ने!"

खरं आहे. गणपतीत, सहज बोलता बोलता. रविवारी तिच्या दाराबाहेर परक्या चपला असतात, हेही मीच सांगितलं होतं.

उद्या बैठक आहे. हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? पण बाई, उद्या मी तावातावाने बोलायला उठेन, तेव्हा आधी मलाच सगळ्यांदेखत विचारा: तू कुठे बघत होतीस?