घोगरेसाहेबांनी माझं नाव घेतलं होतं

अमरावती,
मंगळवार दुपार (आलू उकडून राहिले तोवर)

ती. देवीदासदादा यांस,

बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार. हा नमस्कार तुझ्या मायले, जाईमावशीले आहे, तुझ्या हाती पाठवून राहिली एवढंच; मधात स्वतःकडे ठेवून घेऊ नको. मावशी कशी आहे? कानाचं मशीन कानात घालते का अजून उशाखालीच ठेवते? वहिनीचा गुडघा, नातवाचे दात, अकोल्याचं ऊन, सगळं ठीक असंन असं धरून चालते. तुझी तब्येत मी विचारत नाही. मी रागावली आहे, आणि रागावलेल्या माणसानं समोरच्याले शुगर किती आली हे विचारणं बरं दिसत नाही. (तरी कळव.)

फोन काहून नाही केला, असं तू म्हणशीन. फोनवर तू आधी हासते आणि मंग ऐकते. ही गोठ तुले पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड बंद ठेवून ऐकायची आहे, म्हणून कागद.

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या बाजूले एक वर्षाली नावाची पोट्टी राहते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाले आहे आणि आपल्या वऱ्हाडीत रॅप करते. (चांगली करते. वीज बिलावर तिनं जे केलं ते ऐकून माझा मीटर रीडिंगवाला रस्ता बदलून जाते.) तर मागच्या पंधरवड्यात तिच्या मंडळीनं कॅम्पातल्या एका हॉलमध्ये रॅपचा कार्यक्रम ठेवला आणि ऐंशी प्लेट आलूबोंड्याची ऑर्डर मले दिली. पुण्याहून एक पाहुणा बोलावला होता, टोपी उलटी आणि चष्मा सरळ. मी मागं कढईपाशी. पाहुणा माइकवर म्हणे की वऱ्हाडात रॅप आला तो मोबाइलसंगं, त्याच्या आधी इकडे कोणी ऐकला असण्याची शक्यता नाही. शक्यता नाही म्हणे! शक्यता काय त्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर आहे? मले राहवलं नाही. झारा हातात तसाच, तेल टपकून राहिलं, आणि मी उभी राहून सगळ्या हॉलले ऐकू जाईन असं सांगितलं की चौऱ्याण्णव साली रॅपच्या कार्यक्रमात माझं नाव घेतलं होतं, माझं पत्र वाचलं होतं, आणि त्याची कॅसेट माझ्या घरी आहे. पोट्टे हासले. पाहुणा हासला नाही, तो गोड बोलला, ते जास्त लागलं. म्हणे, काकू, आठवणीत कधी कधी असं होतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी याच हॉलमध्ये कॅसेट वाजवते, नाही वाजली तर बेबी या गावात पुन्हा रॅपचं नाव काढणार नाही. तो म्हणे, मी येतो. आणि मी बोंडे जाळले.

तुले सगळं माहीत आहे, तरी मी पुन्हा सांगते. चोराले त्याचा गुन्हा पूर्ण वाचून दाखवायची पद्धत आहे. चौऱ्याण्णव साली मी बारावी नापास झाली आणि बाबांनी कॉलेजचं दार बंद केलं. दिवसभर घरात, नाही तर फळबाजारात बाबांच्या अडतीवर संत्र्याचे खोके मोजत. तू शेंदूरजनाघाटले, काकाच्या बगीच्यात, आणि तुमच्याकडे तो शॉर्टवेव्हचा टू-इन-वन. रविवारी संध्याकाळी सगळं गाव टीव्हीवर पिक्चर पाहायले बसलं की रेडिओ तुझ्या ताब्यात यायचा. तांब्याची तार संत्र्याच्या झाडाले बांधायची, सेल उन्हात वाळवायचे, आणि साडेपाचले लंडनहून तो रॅपचा कार्यक्रम लागायचा. त्या बोलणाऱ्या बाबाचं नाव आपल्याले कधीच नीट समजलं नाही, आवाज घोगरा म्हणून आपण त्याले घोगरेसाहेब म्हणायचो. त्या गाण्यायले अंडरग्राऊंड म्हणतात असं तूच मले सांगितलं, आणि जमिनीखालून येतात म्हणूनच एवढी खरखर आहे असंही सांगितलं. (मी हे लग्न होईपर्यंत खरं मानत होती. नवऱ्याले सांगितलं तेव्हा समजलं.) अर्धा तास तू टेप करायचा आणि सोमवारच्या टेम्पोत, खालून दुसऱ्या थरात, तणसात गुंडाळून कॅसेट आमच्या अडतीवर यायची. पाच-सहा गाणी संत्र्याच्या रसात गेली ती गेलीच. बाकीची मी मोरीत पाणी सोडून, आवाज बारीक करून ऐकायची. इंग्रजी दहातलं एक अक्षर समजायचं, पण ते जे कोणी होते ते कोणाचं ऐकून घेत नव्हते एवढं मले पक्कं समजायचं. आणि त्या गाण्यांत दर दुसऱ्या ओळीले माझं नाव! घरात मले बेबी म्हणत ते भांडे घासायले. तिथं भल्ल्या इज्जतीनं म्हणत.

मंग मी घोगरेसाहेबाले पत्र लिहिलं. डिक्शनरी घेऊन, तीन दिवस. कच्चा कागद तुले रिकाम्या खोक्यातून पाठवला, तू स्पेलिंगा दुरुस्त केल्या, मी पक्कं लिहिलं. पुढे दोन महिने काहीच नाही. आणि मंग एका सोमवारी तुझी चिठ्ठी आली की आज बसून ऐक. कॅसेटीत खरखर, मंग घोगरेसाहेब, मंग मिस बेबी फ्रॉम अमरावती, इंडिया, आणि ठेक्यावर माझं पत्र पहिल्या ओळीपासून. दादा, माझ्या आयुष्यात बाकी काय झालं ते तू पाहून राहिला. लग्न झालं, दोन पोरं झाली, नवरा गेला, कढई राहिली. त्याच्यात मोठी म्हणावी अशी ही एकच गोष्ट. सासूले सांगितली, पोरायले सांगितली, बचत गटात दोनदा सांगितली. म्हणून त्या उलट्या टोपीसमोर मी झारा खाली ठेवला नाही.

आता कॅसेट होती, वाजवायले काही नव्हतं. आमच्या टू-इन-वनमध्ये मुंग्यांनी बिऱ्हाड केलं होतं. मी कुर्बानभाईकडे गेली. (जुने टेप दुरुस्त करत ते, आता मिक्सर करतात, पण दुकानाच्या पोटमाळ्यावर सगळा जुना जमाना ठेवून आहेत.) त्यांनी एक मशीन खाली काढलं, त्याचा पट्टा गळून गेला होता, म्हणून दुधाच्या पिशवीले असते ते रबर लावलं. वाजवलं तर घोगरेसाहेब म्हशीसारखे बोलून राहिले. कुर्बानभाई म्हणे, बेबीताई, यह साहब तो बीमार हैं. चार रबरं बदलली. चौथ्या रबरात साहेब बरे झाले. मंग वर्षालीनं तिथंच बसून सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं, कानात ते ऐकायचं बोंडूक घालून, माझ्याशी एक अक्षर न बोलता. मी तिले दोनदा बजावलं की माझं नाव आलं, पत्र झालं, की बंद करायचं, पुढे फालतू आहे.

रविवारी हॉल भरला होता. (बोंडे दीडशे प्लेट. भांडणाले गर्दी होते.) मोठमोठे स्पीकर. खरखर आली, पोट्टे पुढं सरकले. घोगरेसाहेब बोलले. मिस बेबी फ्रॉम अमरावती! मी त्या पाहुण्याकडे पाहिलं, त्याचं तोंड उघडं. बाप्पा, काय सांगू, एकतीस वर्षांचं व्याज त्या एका मिनिटात वसूल झालं. पत्र संपलं. मी वर्षालीले हातानं खूण केली, बंद कर. पोट्टीनं पाहिलंच नाही. आणि त्या एवढ्या मोठ्या स्पीकरातून, लंडनच्या स्टुडिओतून, आपली जाईमावशी बोलली, "देव्या, चहा थंडा होऊन राहिला, काय बोंबलून राहिला रे एकटाच?"

हॉल उलटा झाला. लोक खुर्च्यांवरून खाली. तुले वाटत असंन मी खाली मान घातली. मी वऱ्हाडातली आहे. मी उभीच होती. मी म्हटलं, लंडनमध्ये वऱ्हाडी बाया नसतात का? असंन एखादी घोगरेसाहेबाकडे स्वयंपाकाले. पाहुणा म्हणे, मग देव्या कोण? मी म्हटलं, साहेबाचं नाव डेव्हिड, घरचे लाडानं देव्या म्हणत असतीन. तेव्हा वर्षालीनं मले बाजूले घेऊन हळूच सांगितलं की काकू, टू-इन-वनवर रेडिओ टेप करताना खोलीतला आवाज येतच नाही. खोलीतला आवाज आला म्हणजे कोणीतरी बटण दाबून स्वतः माइकसमोर बसलं होतं. ती खरखर म्हणजे संत्र्याचा कागद चुरगाळला आहे, तेही तिनं ओळखलं. आणि मागं जो ठेका आहे तो रिकाम्या खोक्यावर वाजवला आहे. मी तरी बसली नाही. 

आणि मंग त्या पाहुण्यानं टोपी काढली. मले वाटलं आता हा जास्तच गोड बोलते. तर तो म्हणे, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. पुन्हा. नऊ वेळा! म्हणे, लंडनचा कार्यक्रम असता तर तुम्ही नुसत्या ऐकणाऱ्या होत्या. हे तर चौऱ्याण्णव साली इथं, खोक्यावर, कोणीतरी केलं आहे. आपण याच्या आधीचं काही ऐकलेलं नाही. हा माणूस कोण, कुठं आहे, त्याचा सत्कार झाला पाहिजे. पोट्टे टाळ्या वाजवून राहिले, त्याच ठेक्यावर.

समजलं का तुले काय झालं? ज्या एका गोष्टीवर मी एकतीस वर्षं मान वर करून चालली, ती गोष्ट माझ्या डोळ्यादेखत माझ्या हातून गेली आणि तुझी झाली. सासूले काय सांगू? (ती गेली, पण तरी.) तू मले फसवलं, बारावी नापास बहिणीले फसवलं, आणि वर एकतीस भाऊबिजा माझ्या हातचे अनारसे खाल्ले. या वर्षी येऊ नको. अनारसे करणार नाही. सत्काराचा नारळ माझ्या घरावरून नेऊ नको. सांगायचं होतं ते सांगितलं.

मावशीले पुन्हा नमस्कार, वहिनीले नमस्कार, नातवाले पापा. तुले काही नाही.

तुझी (नात्यानं, इलाज नाही म्हणून)
बेबी

ता. क. मावशीले एक विचार. वर्षालीच्या मंडळीनं तिची हाक घेऊन त्याच्यावर गाणं बसवलं आहे, खोक्याचा ठेकाही तोच. मावशीची परवानगी पाहिजे म्हणतात. लोक हासले हे तिले सांगू नको. सांग, टाळ्या पडल्या. दोन्ही खरं आहे.

आणखी एक. तो माणूस कोण हे मी अजून कोणाले सांगितलं नाही. मी अजूनही लंडनवरच ठाम आहे. पाहुणा म्हणे, काकू, किती वेळ? मी म्हटलं, मरेपर्यंत. पण या रविवारी पाच वाजता त्यांनी पुन्हा कार्यक्रम ठेवला आहे आणि स्टेजवर एक खुर्ची रिकामी ठेवणार म्हणतात. रिकाम्या खुर्चीसमोर बोंडे तळायले मले काही बरं वाटत नाही.

शेवटचं. हे वाचून झालं की कागद मावशीच्या हाती लागू देऊ नको. दादा, ते पत्र मी कधी पोस्टात टाकलंच नव्हतं. तीनदा पोस्टापर्यंत गेली आणि परत आली. वाटलं, खिडकीतला बाबू पत्ता वाचंन आणि म्हणंन, नापास पोट्टी कोणाले पत्र लिहून राहिली पाहा. तुले मात्र टाकलं म्हणून सांगितलं, आणि मंग दर हप्त्याले तुझी चिठ्ठी यायची की या वेळेसही वाचलं नाही, धीर धर. म्हणून ती कॅसेट लावली आणि पहिल्या शब्दाले मले समजलं की हा तूच. चहाची हाक तर त्याच दिवशी ऐकली. मोरीतलं पाणी सोडून ठेवलं आणि खूप रडली, कारण माझ्यासाठी कोणी एवढं बसून खोटं बोललं नव्हतं, ना आधी, ना नंतर. घोगरेसाहेबानं खरंच नाव घेतलं असतं तर मी महिनाभर मिरवली असती आणि विसरून गेली असती. आणि लोकायले मी खोटं सांगितलं असं कोणी म्हणू नये. रॅपच्या कार्यक्रमात माझं नाव घेतलं होतं. कोणी घेतलं, हे कोणी विचारलं नाही.

पत्र ट्रंकेत होतं, पक्कं लिहिलेलं. सोबत टाकून राहिली. रविवारी ये आणि सगळ्यांसमोर, तुझ्या स्वतःच्या आवाजात वाच. अक्षर बारीक आहे, चष्मा विसरू नको.