ढापण्याच्या मानेतला नंबर

३ मार्च

ढापण्या पळाला. फाटकाशी टेम्पोचा सायलेन्सर धाडकन वाजला, त्यानं पट्ट्यातून मान सोडवली आणि गेला. पट्टा माझ्या हातात, कुत्रा नाही.

४ मार्च

शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "मानेत चिप आहे ना? मग मोबाइलवर बघ की कुठं फिरतोय." त्यांना नीट समजावलं. तांदळाच्या दाण्याएवढी नळी ती. आत बॅटरी नाही, नकाशा नाही. वाचणारं यंत्र अगदी जवळ धरलं की जागी होते, क्रमांक सांगते; त्यावरून नोंदीतला मालक कळतो. पट्टा तुटतो, बिल्ला गळतो — ही जन्मभर राहते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची ती यंत्रं मीच दुरुस्त करतो. उघडून उघडून शिकलो, कुणी शिकवलं नाही.

काका म्हणाले, "म्हणजे कुत्रं आधी सापडायला हवं, मग ती सांगणार कुणाचं हरवलंय ते." शिंप्याची जीभही कात्रीच.

६ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. नोंदीत फोन नंबर अजून बायकोचाच. "तुमचा घालू का? दोन मिनिटांचं काम." म्हटलं, आज घाईत आहे. घाई कसली डोंबलाची! दुकानात एकच रेडिओ, तोही दुरुस्त झालेला.

७ मार्च

घर खायला उठतं. हिवाळ्यात बायको बहिणीकडे निघून गेली, तेव्हा भांडलीसुद्धा नाही. "तुमचं नेहमी बरोबरच असतं हो. त्याचाच कंटाळा आलाय." माझ्याकडे उत्तर होतं, पण तेही बरोबरच निघालं असतं. कपबश्या मी लावतो तशाच राहतात आता. कुणी विस्कटत नाही.

९ मार्च

तिला कळवायला हवं. कुत्रा तिनंच आणलेला, तिचाच लाडका. फोन हातात घेतला, ठेवला. तो सापडला तर दवाखान्यातून तिलाच फोन जाईल. मग तिला मला फोन करावा लागेल — हे लिहिलं आणि लाज वाटली. खोडत मात्र नाही.

१० मार्च

आजही नाही.

१२ मार्च

तिचा फोन आला. ढापण्याला कुणीतरी नदीपलीकडच्या दवाखान्यात नेऊन सोडलं, तिथं यंत्र फिरवलं, तिला बोलावून घेतलं. पाय जरा सोललाय, बाकी ठणठणीत.

"नोंदीत अजून माझाच नंबर कसा हो? तुम्ही तर घड्याळ मिनिटभरही मागं चालू देत नाही."

म्हणालो, राहून गेलं.

ती म्हणाली, "खोटं बोलायला शिकलात की. या मग, दोघांना न्यायला."