दहा तारखेची बोट

२० फेब्रुवारी १९११, ब्रूम

वही, कालचं सगळं विसरली असशील तू. मला वाचता येत नाही, त्यामुळे तू काय गाळलंस ते मला कळायचं नाही — म्हणून परत सांगते. मी शिमो. जपानी आळीतल्या दुकानाची म्हातारी. तांदूळ, सोया सॉस, समुद्रातून मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचे लोकरी मोजे विकते. मी बोलते, नात किनुए लिहिते. माझा नवरा, योसोकिची त्याचं नाव, आईचं दिवसकार्य करायला जपानात गावी गेला, तो तिथेच रमलाय. इथल्या गोऱ्या सरकारने परत यायचा कागद दिलाय तीन वर्षांचा. येत्या दहा मार्चच्या आत परतला तर ठीक, नाहीतर या देशाचं दार त्याला कायमचं बंद.

१ मार्च

बोट आली. मुळ्याचं लोणचं आलं, नवरा नाही. लेक इसानो म्हणते, "आई, बाबा पुढच्या बोटीने येतील गं." आमच्या लग्नालाही उशिराच आला होता. पण आला होता.

१० मार्च

नाही आला. किनुए विचारते, "आजी, काय लिहू?" म्हटलं, नुसती तारीख लिही.

२१ मार्च

सिंगापूरहून त्याचं पत्र. "काळजी नको. बोटीची वाट बघतोय. दहाच्या दोन दिवस आधीच पोचतो."

आधी? किनुएकडून तीनदा वाचून घेतलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात अजून चंद्रावर महिने मोजतात. कागदावरचा तिसरा महिना त्याने गावचा धरला — तो इथल्या एप्रिलात पडतो. शहाणा चंद्राकडे बघत बसला. हसावं म्हटलं, तर हसू येईना. त्याच्या जागी मीही तसंच मोजलं असतं.

६ एप्रिल

आला. ओहोटीमुळे बोट चिखलात बसलीय. बंदरावरच्या गोऱ्या साहेबाने कागद बघितला, नकाराची मान हलवली. खाली उतरू देत नाहीत.

म्हातारा कठड्यावरून ओरडतोय, "शिमो, बघ, दोन दिवस आधी आलो!"

"हो, जन्मात पहिल्यांदाच," म्हटलं.

साहेबाला विचारलं, मी वर गेले तर चालेल? म्हणाला, "खुशाल जा, आजीबाई. पण तुमच्याकडे कागद नाही, मग तुम्हालाही परत उतरता येणार नाही."

६ एप्रिल, भरतीच्या आधी

किनुए, एवढं लिही आणि दुकानात पळ, भरती आली की बोट सुटेल. रडायचं ते नंतर. आईला वाचून दाखव — इसानो, भात मऊ शिजव, बाबांच्या दाढा गेल्यात. सोबत खारा मासा दे. दोघांना पुरेल एवढं बोटीवर पाठव.