नळाचा डबा आणि रुक्मिणीनगरचे घर

मी, श्रीमती अनुपमा उद्धव देशमुख, माहेरची अनुपमा रामराव काळमेघ, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार रुक्मिणीनगर, अमरावती, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा गुडघा नवा आहे, बाकी सर्व जुने पण चालू स्थितीत आहे. मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. मी रागात आहे हे कबूल. मात्र राग म्हणजे वेड नव्हे, आणि कायद्यालाही ते मान्य आहे, असे माझे वकील धर्मेंद्र ठोसर यांनी मला सांगितले आहे.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र, ज्यात राहते घर माझा मुलगा ईशान याला दिले होते, ते आजपासून रद्द समजावे.

१. घराविषयी. रुक्मिणीनगरातील हे घर माझ्या पगारातून व फंडातून बांधलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती कै. उद्धवराव वकील होते, पण त्यांनी विटांसाठी एक पैसाही दिला नाही. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला मात्र त्यांनी "मी बांधलं" असे सांगितले. या घरात त्यांचा वाटा एवढाच, की मी खांबावर चढून फ्यूज बांधत असे तेव्हा ते खाली बॅटरी धरून उभे असत. बॅटरी ते चांगली धरीत. हात हलत नसे. दिवे आले की व्हरांड्यात जाऊन पक्षकारांना म्हणत, "झालं, लावला मी फ्यूज." तरीही त्यांच्या मागे मी नवी बॅटरी घेतली नाही, कारण धरायला कोणी नव्हते.

घर कोणाला द्यायचे ते पुढे लिहिले आहे. त्याआधी डब्यांचे लिहिणे भाग आहे. धर्मेंद्र म्हणाला, "काकू, डबे मृत्युपत्रात लिहीत नसतात." मी म्हटले, मग हे मृत्युपत्र होणारच नाही.

२. डब्यांविषयी. माझे वडील धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. आमच्या घरी रिकामा डबा कधी बाहेर गेला नाही. दुधाच्या पावडरीचा डबा संपला की बाबा त्याच्या काठाला दोन भोके पाडून तारेची कडी बसवीत आणि त्यात हत्यारे भरून कामावर नेत. एकदा मी एक गंजका डबा उकिरड्यावर टाकायला निघाले, तर ते म्हणाले, "फेकून काहून राहिली, पोरी? बूड साबूत हाये त्याचं. आण इकडे, कडी लावतो त्याले."

त्यांची एक पद्धत होती. हत्यारांच्या जातीप्रमाणे डबे लावायचे नाहीत, कामाप्रमाणे लावायचे. नळाच्या डब्यात नळाला लागणारे सगळे : पाना, वायसर, टेप, पक्कड, हात पुसायला फडके. दाराच्या डब्यात दाराचे सगळे, आणि त्यातही एक पक्कड. काम आले की एक डबा उचलायचा आणि चालू लागायचे. शोधाशोध नाही.

अमरावतीच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मी शिकले. तिथला पाण्याचा पंप बिघडला की सिस्टर बाबांना निरोप पाठवीत. एका हातात हत्यारांचा डबा आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी आईने दिलेला शेवेच्या लाडवांचा डबा घेऊन बाबा येत. जाताना लाडवांचा डबाही रिकामा जात नसे, पंपातले जुने वायसर त्यात असत. मुली खिडकीतून हसत. मी फाटकापर्यंत बाबांचा डबा माझ्या हातात धरून जात असे. कडीवर त्यांनी रबरी पाइपाचा तुकडा चढवलेला होता, माझ्या हाताला तार रुतू नये म्हणून.

लग्नात बाबांनी मला असे डबे भरून दिले. पाइपाच्या तुकड्याचा तो डबाही त्यांत होता, नळाचा. माझ्या सासूबाई कै. सुभद्राबाई यांनी भर मांडवात विचारले, "व्याही, हा आहेर आहे की भंगार?" त्यानंतर सासरी माझे नाव डब्बेवाली पडले. डबे न्हाणीघराच्या माळ्यावर गेले. पुढे सासूबाईंचे देवघराचे दार बसेनासे झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "डब्बेवाले, तेवढं बघ ना." मी बघितले. दार आजही एका बोटाने लागते. किल्ल्यांचा जुडगा मात्र त्यांनी कमरेवरून शेवटपर्यंत सोडला नाही. त्या गेल्यावर तो मला त्यांच्या उशीखाली सापडला, कोणी हातात दिला नाही.

३. गेल्या फेब्रुवारीतील घटनेविषयी. मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते. ईशान रजा घेऊन पुण्याहून आला होता. सून जुईली माझ्याजवळ दवाखान्यात राहत होती. मी घरी परतले तेव्हा मागच्या व्हरांड्यातील मांडणी रिकामी होती आणि तिच्यावर एक लाल रंगाची नवी पेटी ठेवलेली होती. आत फोमचे खाचे. पेचकस उंचीप्रमाणे ओळीत लावलेले, पाने एका बाजूला, पक्कड एकच.

"सात पकडी होत्या, आई," ईशान म्हणाला. "दुकान टाकायचं होतं का तुला? एक चांगली ठेवली, बाकी सगळं काढून टाकलं. आता बघ कसं नीट दिसतं."

"डबे?"

"ते गंजके? जुईलीला पसारा आवडत नाही गं. मी तरी काय करू?"

माझा मुलगा इंजिनिअर आहे. सगळे सारखे सारखे एकत्र करावे हे त्याला शिकवलेले आहे आणि त्याने ते मन लावून केले. एप्रिलमध्ये कूलर बंद पडला. आमच्याकडे एप्रिलमध्ये कूलर बंद पडणे म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. कूलरचा डबा म्हणजे तेलाची पाच लिटरची कॅन होती, मूठ राखून एक बाजू कापलेली. तिच्यात जास्तीची मोटर, पाणी तोलणारा फुगा, जाळी बांधायची तार, सगळे होते. लाल पेटीत यातले काहीच नव्हते, कारण फुगा कुठल्याच खाच्यात बसत नाही. मेकॅनिक मिळेपर्यंत मी ओली चादर पांघरून पडून राहिले आणि सुनेला मनातल्या मनात खूप बोलले.

मग काठी टेकत ऑटोने, आमच्या भागातले भंगार नेणाऱ्या देवमन इंगळे यांच्या दुकानी गेले. डबे त्यांनी केव्हाच चेपून पुढे पाठवले होते.

"बाई, तुमच्या पोरानंच देल्लं न हे सारं," देवमन म्हणाले. "म्या विचारलं, मायबाईले माहीत हाये का? तर ते मने, आई दवाखान्यात हाये. अन् थो दलाल बी होता संगं. खोल्यायचे फोटो काढून राहिला होता. मागचा व्हरांडा खराब दिसते म्हने, म्हून लवकर उचला."

म्हणजे पसाऱ्याचा प्रश्न नव्हता. माझा गुडघा उघडा पडलेला असताना माझे घर विक्रीला काढले होते आणि फोटोत डबे येत होते.

देवमन यांनी एका डब्याचे झाकण मात्र बाजूला ठेवले होते. "याच्यावर नाव हाये, म्हून चेपलं नाई." आमच्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. ते झाकण ईशानच्या शाळेच्या डब्याचे. डबा जुना झाल्यावर मी तो त्याच्या सायकलीच्या हत्यारांना दिला होता. पाचवी-सहावीत तो हा डबा कॅरियरला बांधून गल्लीभर मित्रांच्या चेनी बसवीत हिंडे आणि ग्रीसचे हात माझ्या पदराला पुसे. त्यावर ठिपक्यांनी कोरलेले आहे : चि. ईशान. आपले नाव असलेला डबा त्याने स्वतःच्या हाताने तराजूत टाकला आणि वाचला नाही. दलालाचे मी विसरेन कदाचित. हे विसरणार नाही.

४. जुईलीविषयी. मे महिन्यात तिचा पुण्याहून फोन आला. मी तुटकच बोलत होते.

"आई, टेप आट्यांवर कुठल्या बाजूनं गुंडाळायची? मी गुंडाळते तर नळ बसवताना सगळी निघून येते."

"कुठली टेप?"

"नळाच्या डब्यातली."

मी खुर्चीवर बसले. ती म्हणाली, "तुमचा नळाचा डबा माझ्याकडे आहे, आई. मी पेज न्यायला घरी आले होते, तेव्हा फाटकात गाडी भरत होती. खूप भांडले मी ईशानशी. तो म्हणाला, आईला अवघड जाईल, तिला आत्ता काही सांगू नकोस. मला एकच डबा उचलता आला. कडी होती ना, म्हणून हाताला लागला. पिशवीत घालून आणला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता. इथे स्वयंपाकघरातला नळ गळत होता, सोसायटीचा प्लंबर उद्या-उद्या करत होता. डबा उघडला तर सगळंच होतं त्यात. फडकंसुद्धा. फडक्याला अजून तुमच्या घराचा वास येतो."

मी तिला सांगितले, नळ ज्या बाजूने आवळायचा त्याच बाजूने टेप गुंडाळ आणि आट्यांत बोटाने दाबत जा. फोन चालूच ठेवून तिने नळ बसवला. "नाही गळत!" अशी ओरडली की मी इकडे खुर्चीवरून उठले. नव्या गुडघ्यावर, काठीशिवाय.

५. म्हणून मी असे लिहून ठेवते की :

रुक्मिणीनगरचे घर, जागेसह व मागच्या व्हरांड्यासह, माझ्या मृत्यूनंतर सून जुईली ईशान देशमुख हिच्या एकटीच्या पूर्ण मालकीचे होईल. ईशानचा त्यात हक्क राहणार नाही. तिने राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे, तिची इच्छा. विकले तर मी वर बसून रुसणार नाही. फक्त व्यवहार तिने करावा, माणूस दवाखान्यात असताना नव्हे. ईशानने या घरात यावे, राहावे, तिला विचारून.

किल्ल्यांचा जुडगा यात लिहिलेला नाही, कारण तो मी मरेपर्यंत थांबून द्यायचा नाही असे ठरवले आहे. पुढच्या आठवड्यात जुईली येत आहे, तेव्हा तिच्या हातात देईन.

बँकेतील ठेवी व माझे दागिने ईशानला मिळावेत. त्याला विकता येईल अशाच वस्तूंची आवड दिसते. लाल पेटीही त्याचीच. तिच्यासोबत त्याच्या नावाचे झाकण द्यावे. कागदात गुंडाळून नव्हे, उघडे, हातात.

माझी हत्यारे म्हणून जी काही लाल पेटीत उरली आहेत, ती बाहेर काढून जुईलीने कामाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत भरावीत. डबे तिला आपोआप मिळतील. श्रीखंड, लोणचे, तेल संपतेच कुठल्याही घरात.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी धर्मेंद्र ठोसर यांनी करावी.

६. माझ्याविषयी. माझ्या अस्थी नव्या मडक्यात किंवा पितळी कलशात भरू नयेत. जुईलीने नळाचा डबा रिकामा करून, पुसून द्यावा आणि त्यात भराव्यात. कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रापर्यंत तो डबा ईशानने न्यावा, स्वतःच्या हातात धरून. गाडीच्या डिकीत ठेवू नये. गुरुजी म्हणतील डबाही नदीत सोडा, त्यांचे ऐकू नये. डबा धुऊन, उन्हात कोरडा करून ईशानने तो परत जुईलीला आणून द्यावा आणि पाना, वायसर, टेप, पक्कड, फडके तिच्या देखत आपल्या हाताने त्यात पुन्हा भरावे. ते त्याने केले, तर माझे त्याच्याकडे काही मागणे उरणार नाही.

गाडीतून उतरल्यावर अंतर थोडे आहे, पण घाटाच्या पायऱ्या आहेत. डबा भरल्यावर जड वाटेल. त्याने भिऊ नये. कडीवर पाइपाचा तुकडा अजून आहे, हाताला रुतणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. देवमन इंगळे म्हणाले, "माही सही चालते का, बाई? माह्याच दुकानात त चेपले न डब्बे." मी म्हटले, म्हणूनच.

लिहून ठेवणार :
अनुपमा उद्धव देशमुख (सही)

साक्षीदार :
१. देवमन इंगळे, भंगार व्यावसायिक, अमरावती (सही)
२. डॉ. प्रियदर्शनी वानखडे, अमरावती (सही). मजकूर लिहिताना व सही करताना श्रीमती देशमुख पूर्ण शुद्धीवर होत्या.

स्थळ : अमरावती
दिनांक : १४ जून २०२५